रविवारची सायकल

पालकहो,

मानव विकास कार्यक्रमातून आठवी ते बारावीच्या गरजू मुलींना सायकल मिळते, हे तुम्हाला ठाऊक आहेच. शाळा लांब पडते म्हणून मुलीचं शिक्षण सुटू नये, हा त्यामागचा हेतू. पण शनिवारी शाळा सुटली की ती सायकल सोमवारपर्यंत भिंतीला टेकून उभी राहते. मुलाची सायकल मात्र रविवारीही फिरते आणि त्याला ‘कशाला चाललास?’ असं कुणी विचारत नाही. आज मला बोलायचंय ते मुलींच्या या रविवारबद्दल.

‘आपल्या दरेकसा भागात पाहण्यासारखं आहे काय?’ असं आपणच म्हणतो. तिकडे पावसाळ्यात हाजरा धबधब्यासाठी बाहेरगावच्या गाड्यांची रीघ लागते. पाहुणे भिजतात, फोटो काढतात, निघून जातात. ते पाणी पुढे कुठल्या नाल्याला मिळतं, वैशाखात तिथे काय उरतं, हे बारा महिने इथे राहणाऱ्यालाच कळणार.

आपलं स्टेशनच घ्या. मुंबई-हावडा मार्गावरच्या गाड्या रोज धडधडत जातात. या मार्गावर आधी नागपूर-छत्तीसगडची मीटर गेज लाईन होती. १८८७ साली स्थापन झालेल्या बंगाल-नागपूर रेल्वेने ती ताब्यात घेऊन ब्रॉड गेज केली. बोरतलावकडे जाताना लागणारा बोगदा आपण आयुष्यभर गाडीत बसून ओलांडतो. रस्ता डोंगरावर चढतो, मग रूळ डोंगराच्या पोटातून का जातात? सायकल हाणत चढ चढलेल्या मुलीला हा प्रश्न आपसूक पडतो आणि अर्धं उत्तर तिच्या पोटऱ्यांनीच दिलेलं असतं. वजन घेऊन उभा चढ चढणं किती जड, ते तिला फळ्यावर शिकवावं लागत नाही.

उन्हाळ्याच्या तोंडावर मोहाखालची जमीन बघा. झाडाभोवती काळं, जळकं वर्तुळ दिसतं. पहाटे गळलेली फुलं पाचोळ्यात हरवू नयेत म्हणून खालचा पाला जाळतात. याच आगी पसरून वणवे लागतात, म्हणून वनविभाग त्याला मनाई करतो. मोटारसायकलवर मागे बसलेल्या पोरीला एक काळा ठिपका दिसेल न दिसेल. सायकलवरची पोर थांबते, पायाने राख उकरते आणि फुलं वेचणाऱ्या आजीला विचारते, ‘हे कुणाचं झाड?’ मग कोणतं झाड कोणत्या घराचं, पाला न जाळता झाडून कसा काढतात, वाळवलेला मोह किती दिवस टिकतो, सगळं निघतं. भूगोल, अर्थशास्त्र, पर्यावरण एकाच झाडाखाली!

कचारगडला माघ पौर्णिमेच्या जत्रेत आपण मुलांना नेतो. गर्दीत त्यांचा हात सोडायची सोय नसते. पारी कुपार लिंगो, जंगो रायताड आणि तिथल्या गुहेत कोंडलेल्या बाळांची गोंड परंपरेतली कथा ऐकायला निवांत वेळ लागतो. जत्रा सरल्यावर जवळच्या धनेगावात कुणा जाणत्याजवळ बसलं, तर ती नीट ऐकायला मिळेल.

तुमची काळजी रास्त आहे. जंगल आहे, जनावर आहे, घाटातला रस्ता आहे. म्हणून नियम पक्के ठेवा. तिघी-चौघी मिळून जायचं, कुठे जाणार ते सांगून जायचं, उन्हं कलायच्या आत घरी यायचं. रूळ आणि बोगद्याजवळ फिरकायचं नाही. पावसाळ्यात धबधब्याच्या पाण्यात उतरायचं नाही. कचारगडला आणि आत जंगलात मोठं माणूस सोबत हवंच. ब्रेक तपासणं, उतरलेली चेन चढवणं तिला आधी शिकवा. एवढं झालं की वाट तिला ठरवू द्या. परत आल्यावर ‘उशीर का?’च्या आधी ‘काय पाहिलंस?’ हे विचारा. तिने सांगितलेल्यातलं निम्मं तुम्हालाही नवं असेल.

आता खरी अडचण. रविवारी मुली निघत नाहीत त्या वाघा-अस्वलाच्या भीतीने नव्हे. त्या दिवशी धुणं असतं, अंगण सारवायचं असतं, धाकटं भावंड सांभाळायचं असतं. तेव्हा पुढच्या रविवारी सकाळची भांडी तिच्या भावाकडे द्या. तो कुरकुर करेल. करू द्या.