आखूड धांवपट्टीवर विमान उतरवितांना

लहान विमानास उतरावयास मोठा विमानतळच हवा असें नाहीं. ऑस्ट्रेलियांतील विस्तीर्ण कुरणांत किंवा अमेरिकेंतील शेतांवर मालकानें गवत कापून तयार केलेली खाजगी पट्टीही त्यास पुरते. परंतु अशा ठिकाणीं विमान पट्टीबाहेर धांवत जाऊन कुंपणांत शिरलें म्हणजे लोक पट्टीच्या आखूडपणास दोष देतात. हें अर्धेंच खरें. अपघाताचें बीज बहुधा चाकें जमिनीस टेंकण्यापूर्वींच पडलेलें असतें.

विद्यार्थ्यांनीं गतिज ऊर्जेचा नियम आठवावा. ही ऊर्जा वेगाच्या वर्गाच्या प्रमाणांत वाढते. ताशीं ५० मैलांऐवजीं ६० मैलांच्या वेगानें विमान टेंकलें, तर वेग पंचमांशानेंच वाढला; पण २५ चे ३६ झाल्यामुळें ऊर्जा मात्र शेंकडा ४४ नीं वाढली! (मोटार हांकणाऱ्या पालकांसही हा हिशेब उपयोगी पडेल.) शिवाय पंख जमिनीच्या अगदीं जवळ आले असतां हवेचा विरोध घटतो. त्यामुळें फाजील वेगाचें विमान लवकर टेंकतच नाहीं. तरंगत तरंगत बरीचशी पट्टी मागें टाकतें.

त्यांत वारा पाठीमागून असला आणि गवत ओलें असलें तर? ब्रिटनच्या नागरी विमानवाहतूक प्राधिकरणाच्या मार्गदर्शनाप्रमाणें, उतरण्याच्या वेगाच्या दशांशाइतका वारा पाठीमागून असल्यास अंतर १.२ पट, व ओल्या गवतावर १.३५ पट धरावें. हे आंकडे एकमेकांनीं गुणावयाचे असतात. म्हणजे कोरड्या, पक्क्या पट्टीवर जेथें १,००० फूट पुरले असते, तेथें १,६२० फूट लागतील.

म्हणून सावध वैमानिक पट्टीच्या कडेचें एखादें झाड आधींच हेरून ठेवितो. तेथवर चाकें टेंकलीं नाहींत, तर यंत्र पूर्ण जोरांत चालवून पुन्हां वर जावयाचें. हा निश्चय उतरण्यापूर्वींच झालेला असावा लागतो. ऐन वेळीं विचार करावयास सवड नसते.

कांहीं पट्ट्यांवर मात्र हा मार्गही बंद असतो. नेपाळांतील लुक्ला येथील पट्टी सर एडमंड हिलरी यांच्या पुढाकारानें १९६४ सालीं झाली. ती खाजगी नव्हे, पण लांबी अवघी ५२७ मीटर. तिला तीव्र चढ आहे. त्यामुळें उतरणाऱ्या विमानाची गति लवकर मंदावते. खालच्या टोंकाशीं दरी, वरच्या टोंकाशीं डोंगर. तेव्हां अखेरच्या क्षणीं परत फिरणें अशक्य. ८ ऑक्टोबर २००८ रोजीं धुक्यांत उतरणारें एक ट्विन ऑटर विमान पट्टीच्या आरंभापूर्वींच आदळलें. आंतील १९ जणांपैकीं १८ मृत्युमुखीं पडले. मुख्य वैमानिक तेवढा वांचला. तेथें ढग उतरले कीं उड्डाणें थांबवितात, आणि प्रवासी कधीं कधीं कित्येक दिवस खोळंबून राहतात.