गळता नळ

रात्री सारे घर निजले, म्हणजे न्हाणीघरातून ‘टप् टप्’ असा आवाज येऊ लागतो. नळ तर घट्ट पिळलेला असतो. मग तो गळतो का?

आट्यांच्या साध्या नळाच्या पोटात रबराची एक लहानशी चकती असते. तिला वायसर म्हणतात. नळ बंद केला, की ती छिद्रावर दाबून बसते व पाण्याची वाट अडविते. वापराने ती झिजते आणि फटीतून पाणी झिरपू लागते. माणसे मग नळ अधिकच जोराने पिळतात. त्यामुळे चकती चिरडते व गळती वाढते. येथे जोर कामाचा नाही. चकतीच बदलली पाहिजे.

प्रथम पाण्याची मुख्य चावी बंद करावी. नळ उघडून उरलेले पाणी जाऊ द्यावे. मग जाणत्या माणसाने पान्याने नळाचा वरचा भाग सोडवून नवी चकती बसवावी. काम घटकाभराचे, खर्चही थोडा.

गळतीने एक लिटरचा तांब्या तासाभरात भरत असेल, तर दिवसाकाठी २४ आणि ३० दिवसांत ७२० लिटर पाणी वाया जाते. उन्हाळ्यात एका हंड्यासाठी जिला कोसभर चालावे लागते, तिला या पाण्याचे मोल विचारावे!