जयंत्यांचं खातं

एकतीस वर्षं जिल्हा परिषदेच्या शाळांत काढली. आधी अकोला जिल्हा, मग आंतरजिल्हा बदलीनं अमरावती. जयंती-पुण्यतिथीचं खातं कायम माझ्याच गळ्यात. तसबिरी पुसायच्या, हार आणायचा, दोन पोरं भाषणाला उभी करायची. हे करता करता नावांविषयी जे कळत गेलं, ते लिहून ठेवते.

१. पाटीपेक्षा रिक्षावाल्याला विचारावं.

अमरावतीत आले त्या वर्षी पाचवीच्या वर्गात विचारलं, “इर्विन कोण?” अख्खा वर्ग एका सुरात ओरडला, “दवाखाना!” चूक तरी कशी म्हणू? १९२६ ते १९३१ या काळात व्हाइसरॉय असलेल्या लॉर्ड आयर्विनचं नाव जिल्हा रुग्णालयाला मिळालं, तेच चौकालाही चिकटलं. सांगलीकरांनी त्याच साहेबाच्या नावाचा पूल ‘आयर्विन’ असा नीट सांभाळलाय, आमच्याकडे त्याचा ‘इर्विन’ झाला. बायकांचं रुग्णालय म्हणजे डफरीन. इथल्या बायकांना बाई डॉक्टर मिळावी म्हणून १८८५ मध्ये निधी उभारणारी लेडी डफरीन कुणाच्या गावी नाही. पण “माहे दोन्ही पोट्टे डफरीनचेच” म्हणणारी बाई गल्लोगल्ली भेटते.

इर्विन चौकात बाबासाहेबांचा पुतळा आहे. १४ एप्रिलला तिथं मुंगी शिरायला जागा नसते. १९३० साली बाबासाहेब पहिल्या गोलमेज परिषदेला गेले, तेव्हा व्हाइसरॉय हाच आयर्विन होता. आणि त्याच बाबासाहेबांना हार घालायला निघालेला माणूस रिक्षात बसताना म्हणतो, “इर्विनले घे बापू.”

२. नाव दिसलं की आधी मृत्यूचं साल बघावं.

हे मी तोंडघशी पडून शिकले. अकोल्याकडे असताना २७ डिसेंबरला, भाऊसाहेब पंजाबराव देशमुखांच्या जयंतीला, फळ्यावर झोकात लिहिलं, ‘अकोल्याच्या कृषी विद्यापीठाची स्थापना केली.’ एका मुलाचे वडील विद्यापीठाच्या शेतावर मजुरीला जायचे. कार्यक्रमाला आले होते. निघताना खालच्या आवाजात म्हणाले, “मॅडम, भाऊसाहेब तं आंधीच गेलते ना?” घरी येऊन तारखा काढल्या. भाऊसाहेब वारले १० एप्रिल १९६५ ला, विद्यापीठ निघालं २० ऑक्टोबर १९६९ ला. दुसऱ्या दिवशी फळा पुसून पुन्हा लिहिला.

भाऊसाहेबांनी अमरावतीत शिक्षणसंस्था काढली, तिला नाव दिलं शिवाजी महाराजांचं. हल्ली संस्था निघण्याआधी संस्थापकाची कमान उभी राहते, म्हणून हे मुद्दाम सांगते. बरं, विद्यापीठाच्या नावात ‘डॉ.’ आणि ‘देशमुख’ नंतर आले, तरी अकोलेकर म्हणतो ‘पीकेव्ही’. त्यात ‘डी’ काही अजून शिरला नाही.

३. सुट्टी मिळाली की भाषण जातं.

ज्यांच्या जयंतीला सुट्टी, त्यांच्यावर पोरं दोन ओळी बोलून घरी पळतात. बिनसुट्टीच्या जयंत्यांना निदान वर्ग भरलेला असतो. तोही नेहमीच नाही. विदर्भात उन्हामुळे शाळा उशिरा उघडतात. आमच्या वेळी २६ जूनला, म्हणजे ऐन शाहू महाराजांच्या जयंतीला उघडायच्या. लगेच १ जुलै. वसंतराव नाईकांची जयंती, तो कृषिदिन. नाईकसाहेब पुसदजवळच्या गहुलीचे. एका कृषिदिनाला अर्धा वर्ग गैरहजर होता. पाऊस पडून गेला होता आणि पोरं वावरात पेरणीला लागली होती. हजेरीपटावर लाल शाईनं गैरहजेरी मांडताना मलाच ओशाळल्यासारखं झालं.

४. गाडगं दाखवावं.

शेंडगावचे डेबूजी झिंगराजी जानोरकर. हातात मातीचं गाडगं, खाणं त्यात, पाणी त्यात. म्हणून लोक म्हणाले गाडगेबाबा. यावलीच्या माणिक बंडोजी इंगळेला गुरू आडकोजी महाराजांनी ‘तुकड्या’ म्हटलं, तो झाला तुकडोजी. आज अमरावतीचं विद्यापीठ गाडगेबाबांच्या नावाचं आणि नागपूरचं तुकडोजी महाराजांच्या. विदर्भातली ही दोन विद्यापीठं, दोन्ही नावं अमरावती जिल्ह्यातली, आणि दोन्ही मुळात टोपणनावं! कितीतरी वर्षं मी पोरांना जन्मगाव आणि तारीख पाठ करायला लावत होते. मग एका २० डिसेंबरला, बाबांच्या पुण्यतिथीला, घरातलं कडेला फुटलेलं गाडगं घेऊन गेले. ते हातोहात फिरलं. एकीनं फुटक्या कडेवरून बोट फिरवलं आणि विचारलं, “याच्यात वरण गळत नसे का?” त्या दिवशी भाषण कुणाला द्यावंच लागलं नाही.

५. काही नावांना माणूस नसतो, माणसं असतात.

अमरावती तालुक्यातली यावली, वरूड तालुक्यातला बेनोडा. दोन्ही गावांच्या नावापुढे ‘शहीद’ लागतं. १९४२ च्या आंदोलनात तिथल्या लोकांनी जीव दिला. कुणा एकाचं नाव घातलं असतं, तर बाकीचे वाहून गेले असते. सातबाऱ्यापासून दाखल्यापर्यंत सगळीकडे हा शब्द लिहिला जातो, आणि माझ्यासकट बहुतेकजण तो घाईत गाळतात. यावली तर आम्हाला तुकडोजी महाराजांचं गाव म्हणूनच ठाऊक.

त्या बाजूला जाणं झालं तर पाटी पूर्ण वाचा. आणि चहा घेता घेता एखाद्या म्हाताऱ्याला विचारा, “शहीद कोण कोण?”