साखरसम्राटाचा उतारा

मला मधुमेह होऊन चौदा वर्षं झाली, इन्सुलिन सुरू होऊन पाच. कट्ट्यावर ही बातमी सांगितली त्याच संध्याकाळी माझं बारसं झालं : साखरसम्राट! तेव्हापासून दर तीन महिन्यांनी 'एचबीएवनसी'चा रिपोर्ट आला की कट्ट्यावरच्या चौघा मित्रांचा एकच सवाल, "काय सम्राट, यंदा उतारा किती?" आकडा वाढलेला असला तर, "हंगाम जोरात आहे, आता कारखानाच काढ." घरी माझ्या ताटावर पहारा असायचा. कट्ट्यावर मात्र मी पेशंट नव्हतो.

याच थट्टेनं एकदा मला गोत्यात आणलं. चूक माझी होती. विनोद सगळे सांगितले, आजार कुणालाच नीट सांगितला नव्हता.

डिसेंबरातला रविवार. सिंहगडावर निघालो होतो. सकाळी इंजेक्शन घेतलं, पण वर पिठलं-भाकरी हाणायची म्हणून नाश्ता टाळला. त्यात चढ. अर्ध्या वाटेत जीभ जड झाली, पाय लटपटले, मी काहीबाही बरळू लागलो. मंडळी हसत सुटली, "सम्राट सकाळीच टाकून आलाय!" मी एरवीही नकला करतो, तेव्हा ही त्यातलीच एक वाटली. त्यांच्यातल्या अण्णानं पाठीवर थाप मारली आणि त्याचा हात ओला झाला. एवढ्या थंडीत शर्ट घामानं निथळत होता. त्यानं वाटेवरच्या मावशींकडून लिंबू सरबत घेतलं, वर साखर घालायला लावली आणि ग्लास माझ्या तोंडाशी धरला. "नको, शुगर वाढेल," असं म्हणून मी तो ढकलला म्हणे! मला आठवत नाही. पण दटावून पाजल्यावर पंधरा-वीस मिनिटांत मी भानावर आलो.

माझी साखर घसरली होती. म्हणून सांगतो. रक्तातली साखर 70 च्या खाली गेली की घाम, थरथर, चिडचिड, बरळणं सुरू होऊ शकतं. माणूस प्यायल्यासारखा दिसतो. तो शुद्धीवर असेल आणि गिळू शकत असेल तर 15 ग्रॅम ग्लुकोज किंवा साखर, म्हणजे तीन-चार चहाचे चमचे, पाण्यातून द्या. 15 मिनिटांनी पुन्हा तपासा. आकडा वर आला नसेल तर पुन्हा तेवढीच द्या. मग पोटात काहीतरी खाणं जाऊ द्या. अशा वेळी चॉकलेट किंवा पेढा कामाचा नाही, स्निग्धांशामुळे त्यातली साखर रक्तात उशिरा उतरते. बेशुद्ध असेल तर तोंडात काहीही घालू नका. कुशीवर वळवा आणि 108 ला फोन करा.

थट्टा आम्ही सोडलेली नाही, तिला कामाला लावलंय. मी जरा गप्प दिसलो की कुणीतरी विचारतो, "उतारा किती?" माझ्याकडून उलट टोला आला तर ठीक. नाही आला, तर अण्णाच्या खिशातून ग्लुकोजची पुडी निघते.

तुमच्या मित्रांना तुमच्या आजारावर खुशाल हसू द्या. पण हसणं कधी थांबवायचं, हे त्यांना आजच सांगून ठेवा.