जर्मनीत केटी नसते

मुलाला जर्मनीला पाठवायचं ठरलं की पालक आधी फी विचारतात. बहुतेक सरकारी विद्यापीठांत ट्यूशन फी नाही, हे खरं. अपवाद आहेत: बाडेन-व्युर्टेमबर्ग राज्यात युरोपीय संघाबाहेरच्या विद्यार्थ्यांना २०१७ पासून सेमिस्टरला १५०० युरो पडतात. शिवाय राहण्याखाण्याचा खर्च आहेच. हा हिशेब घरोघरी होतो. परीक्षा कशी असते ते मात्र फारसं कोणी विचारत नाही, आणि मुलं अडकतात ती तिथेच.

आपल्याकडे हजेरी कमी पडली की डिफॉल्टर लिस्ट लागते, सबमिशनसाठी सर मागे लागतात, विषय राहिला तर केटी घेऊन पुढच्या वर्षाला जाता येतं. तिथे बहुतेक लेक्चरना हजेरीच घेत नाहीत. सेमिस्टरभर कोणी हटकत नाही, आणि बऱ्याच विषयांचे सगळे गुण शेवटच्या एका पेपरवर. त्या पेपरची नोंदणीही पोर्टलवर आपली आपण करायची. मुदत हुकली की त्या वेळेपुरता विषय संपला. काही विषयांत तर दर आठवड्याची गणितं सोडवून ठरावीक गुण जमवल्याशिवाय परीक्षेलाच बसू देत नाहीत. नापास झालं तर अनेक ठिकाणी एकूण तीनच संधी. अनिवार्य विषयात तिसरीही गेली की विद्यापीठातून नाव कमी होतं, तोच अभ्यासक्रम जर्मनीत दुसरीकडेही सहसा करता येत नाही, आणि व्हिसाचा प्रश्न उभा राहतो तो वेगळाच.

ग्रेडही उलट्या. १.० सर्वोत्तम, ४.० काठावर पास. लेकीने फोनवर ‘एक पॉइंट तीन’ सांगितलं तर पेढे आणा.

एका क्रेडिटमागे २५ ते ३० तासांचं काम धरलेलं असतं. म्हणजे सहा क्रेडिटच्या विषयाला १५० ते १८० तास. त्यातले वर्गातले जेमतेम साठ. उरलेले स्वतःचे स्वतः. पेपरच्या आदल्या रात्री आयएमपी प्रश्न पाठ करून इथे सुटलेल्या मुलाला हे जड जातं, मग तो कितीही हुशार असो.

म्हणून ऑफर लेटर आलं की त्या अभ्यासक्रमाची परीक्षा नियमावली विद्यापीठाच्या वेबसाइटवरून उतरवून घ्या आणि मुलाबरोबर बसून वाचा. जर्मन भाषेत असेल तर भाषेच्या क्लासच्या बाईंची मदत घ्या. किती संधी, नोंदणी कधी, नाव मागे कधीपर्यंत घेता येतं, एवढं तरी कळायला हवं. एजंट हे सांगत बसत नाही. त्याचं काम प्रवेश झाला की संपतं. आणि मूल शेवटच्या वर्षापर्यंत केटी ओढत आलं असेल, तर वर्षभर इथे नोकरी करून, जर्मन चांगलं पक्कं करून मगच अर्ज करावा, असं माझं मत आहे.