निकामी दिव्यातील ड्रायव्हर व रोपांसाठी प्रकाश

(सामान्य विज्ञान : वरच्या इयत्तांसाठी पाठ)

सन २०१५ मध्ये ‘उजाला’ योजना सुरू झाली व त्यानंतरच्या काही वर्षांत एलईडी दिवा खेडोपाडी पोहोचला. आज घरोघरी आणि शाळेच्या अडगळीतही असे बंद पडलेले दिवे सापडतात. दिवा बंद पडला म्हणजे त्याचा प्रत्येक भाग निकामी झाला असे नव्हे. पुष्कळदा एखादीच एलईडी जळालेली असते आणि तिला वीज पुरविणारा ड्रायव्हर शाबूत असतो. अशा ड्रायव्हरपासून रोपांसाठी लहानसा दिवा करता येतो. मात्र हे काम जुजबी माहितीवर करण्याजोगे नाही. ड्रायव्हरची पारख न करता जोडलेला दिवा जीवघेणा ठरू शकतो. ही पारख शिकविणे हाच या पाठाचा मुख्य उद्देश होय.

ड्रायव्हरचे कार्य

घरात येणारी वीज २३० व्होल्टची व प्रत्यावर्ती असते. एलईडीस थोड्या दाबाची व एकाच दिशेने वाहणारी वीज लागते. पांढऱ्या एलईडीस सुमारे ३ व्होल्ट आणि तांबड्या एलईडीस सुमारे २ व्होल्ट पुरतात. परंतु केवळ दाब कमी करून भागत नाही. एलईडीवरील दाब किंचित वाढला तरी तिच्यातून जाणारा प्रवाह अनेकपटींनी वाढतो. शिवाय ती तापली की त्याच दाबाला अधिक प्रवाह घेते, आणि अधिक प्रवाहाने अधिकच तापते. या चक्रात ती जळून जाते. म्हणून तिला दाब नव्हे, तर प्रवाह मोजून द्यावा लागतो.

हे विद्यार्थ्यांस पाटकऱ्याच्या दृष्टांताने समजावून द्यावे. कालव्याची पातळी वर-खाली झाली तरी पाटकरी दार कमीअधिक उघडून शेताच्या पाटाला ठरलेलेच पाणी सोडतो. ड्रायव्हर प्रवाहाच्या बाबतीत हेच काम करतो.

कोणता ड्रायव्हर घ्यावा

ड्रायव्हर दोन जातींचे असतात. पहिल्या जातीत आतील ट्रान्सफॉर्मरमुळे घरची वीज व एलईडीकडील तारा एकमेकींपासून पूर्णपणे विलग असतात. दुसऱ्या जातीत त्या विलग नसतात. अशा ड्रायव्हरच्या एलईडीकडील तारेस स्पर्श झाला तर २३० व्होल्टच्या तारेस हात लागल्यासारखाच धक्का बसू शकतो. होल्डरमध्ये बसविण्याच्या साध्या ९ वॅटच्या स्वस्त दिव्यांतील बहुतेक ड्रायव्हर या दुसऱ्या जातीचे असतात. प्लॅस्टिकचा गोल शाबूत असेपर्यंत त्यांच्यापासून धोका नसतो, गोल उघडताच तो उत्पन्न होतो. म्हणून असे ड्रायव्हर या कामी मुळीच घेऊ नयेत.

छतात बसविण्याच्या पॅनेल दिव्याचा ड्रायव्हर वेगळ्या डबीत असतो व त्या डबीवर माहिती छापलेली असते. तेथे ‘एसईएलव्ही’ ही अक्षरे आहेत काय, हे प्रथम पाहावे. सुरक्षित अल्पदाब असा त्यांचा अर्थ आहे. ही खूण नसेल किंवा अक्षरे पुसट झाली असतील, तर ड्रायव्हर विलग नाही असेच समजावे व बाजूस ठेवावा. फुगलेले, करपलेले अथवा डबी तडकलेले ड्रायव्हरही वर्ज्य करावेत.

मेळ घालण्याचे गणित

समजा, डबीवर ‘२४ ते ४२ व्होल्ट, ३०० मिलिअँपिअर’ असे छापले आहे. याचा अर्थ असा की, हा ड्रायव्हर ३०० मिलिअँपिअर प्रवाह देईल, परंतु जोडलेल्या सर्व एलईडींच्या दाबांची बेरीज २४ ते ४२ व्होल्टांच्या दरम्यान असली पाहिजे.

पांढऱ्या १२ एलईडी एकसर जोडल्यास बेरीज ३६ व्होल्ट होते, म्हणून मेळ बसतो. केवळ ६ जोडल्यास १८ व्होल्ट होतात. दिवा लुकलुकेल किंवा लागणार नाही. १६ जोडल्यास ४८ व्होल्ट होतात. तेही मर्यादेबाहेर आहे. ८ पांढऱ्या व ४ तांबड्या घेतल्यास २४ अधिक ८ मिळून ३२ व्होल्ट होतात व मेळ बसतो.

जी एलईडी घ्यावयाची ती ३०० मिलिअँपिअर सहन करणारी असावी. बाजारात ‘एक वॅट’ म्हणून मिळणारी एलईडी या कामी चालते. खेळण्यांतील बारीक एलईडीस केवळ २० मिलिअँपिअर सोसतात. ती तत्काळ जळेल. समांतर जोडणी करू नये, कारण तीत प्रवाह सारखा वाटला जात नाही.

दिव्याची रचना

एलईडी ॲल्युमिनिअमच्या चकतीवर बसविलेल्या घ्याव्यात. त्या जाड ॲल्युमिनिअम पत्र्यावर उष्णतावाहक लेप लावून पक्क्या कराव्यात, म्हणजे उष्णता पत्र्यात पसरून निघून जाईल. एकीचे धन टोक दुसरीच्या ऋण टोकाशी, या क्रमाने तारांना डाख द्यावा. ड्रायव्हर एलईडींशी प्रथम जोडावा व मगच वीज सुरू करावी. ड्रायव्हर चालू असताना एलईडी जोडल्यास त्यात साठलेली वीज एकदम सुटून ती जळण्याचा संभव असतो.

२३० व्होल्टच्या बाजूचे सर्व काम जाणत्या वायरमनकडून करून घ्यावे. विद्यार्थ्यांनी तेथे हात लावू नये. ड्रायव्हर कुंड्यांपासून दूर व उंचावर टांगावा, म्हणजे पाणी घालताना त्यावर शिंतोडे उडणार नाहीत. पेटलेल्या दिव्याकडे कोणी टक लावून पाहू नये. शाळा सुटताना दिवा बंद करावा.

रोपांना कोणता प्रकाश लागतो

सन १८८२ मध्ये थिओडोर एंगलमान या जर्मन शास्त्रज्ञाने लोलकातून निघालेला सप्तरंगी पट्टा हिरव्या शेवाळाच्या तंतूवर पाडला व प्राणवायूकडे धाव घेणारे सूक्ष्म जंतू त्या पाण्यात सोडले. जंतूंची गर्दी तांबड्या आणि निळ्या प्रकाशाच्या जागी झाली. यावरून या दोन रंगांच्या प्रकाशात वनस्पती अधिक प्राणवायू सोडते हे दिसून आले. पांढऱ्या एलईडीत मूळ प्रकाश निळा असतो व पिवळ्या लेपामुळे त्यात इतर रंग मिसळतात. म्हणून साध्या पांढऱ्या एलईडीवरही पालेभाजी वाढते. जांभळा दिवा आवश्यक नाही.

प्रयोग

एकाच मापाच्या तीन डब्यांत सारखी माती भरून प्रत्येकात मेथीचे २० दाणे पेरावेत. पहिला डबा बंद खोक्यात, दुसरा तशाच खोक्यात परंतु दिव्याखाली व तिसरा खिडकीत ठेवावा. पाणी सर्वांस सारखे द्यावे. रोपे उगवल्यावर त्यांची उंची, पानांचा रंग व खोडाची जाडी विद्यार्थ्यांनी रोज नोंदवावी.

येथे एक गोष्ट ध्यानात ठेवावी. अंधारातील रोपेच सर्वांत उंच होतात. काही विद्यार्थी त्यांनाच उत्तम ठरवतील. त्यांना तत्काळ दुरुस्त न करता खोड हाताळून पाहू द्यावे. प्रकाशाच्या शोधात रोप बियातील साठा उंचीवर खर्च करते, म्हणून ते लांबट, फिकट व लेचेपेचे होते, हा निष्कर्ष त्यांनाच काढू द्यावा.

पालेभाजीचे पीक घ्यावयाचे तर रोज १२ ते १४ तास प्रकाश लागेल. तुलनेसाठी शाळेचे ६ तास पुरेत. उघड्या अंगणात ऊन असताना या दिव्याची गरज नाही, हेही सांगावे. श्रावणातील झाकोळलेल्या दिवसांत किंवा अंधाऱ्या खोलीत त्याचा उपयोग आहे.

विद्यार्थ्यांस विचारावयाचे प्रश्न

१. ३६ व्होल्ट व ३०० मिलिअँपिअर असता एलईडींना किती वॅट मिळतात? (१०.८)
२. ड्रायव्हरमधील व्यय धरून दिवा १३ वॅट घेतो व रोज ६ तास जळतो. एक युनिट वीज किती दिवसांत खर्च होईल? (सुमारे १३)
३. एकसर जोडणीतील एक एलईडी तुटल्यास सर्व दिवे का विझतात?
४. डबीवरील अक्षरे वाचता येत नसतील, तर तो ड्रायव्हर का घेऊ नये?

चौथ्या प्रश्नाचे उत्तर वर्गातील प्रत्येक विद्यार्थ्याकडून तोंडी घ्यावे व त्यानंतरच दिवा प्रथम लावावा.