इंजिन सुरू का होत नाही?

गावोगाव आता मोटारसायकली झाल्या आहेत. दूध न्यायचे, बाजाराला जायचे, आजारी माणसाला दवाखान्यात पोचवायचे, सगळ्याला गाडी लागते. 1 एप्रिल 2020 पासून धुराचे नवे नियम लागू झाले. तेव्हापासून बहुतेक नव्या गाड्यांत पेट्रोल मोजून देण्याचे काम विजेवर चालणारे यंत्र करते. पण त्याआधीच्या गाड्या गावात अजून पुष्कळ आहेत. त्यांत हे काम कार्बोरेटर करतो. हा धडा त्या जुन्या गाड्यांविषयी आहे.

अशी गाडी एखाद्या सकाळी रुसून बसते. मग माणूस किकवर किक मारतो. पाय दुखून येतो, घाम फुटतो, पण गाडी काही ऐकत नाही. चार माणसे जमतात. एक म्हणतो, प्लग बदला. दुसरा म्हणतो, कार्बोरेटरच बदला. पैसे जातात आणि गाडी जागची हलत नाही. म्हणून आम्ही सांगतो, आधी पाहावे, मग हात लावावा.

इंजिनाला काय लागते?

चूल पेटवायला काय लागते? लाकूड, वारा आणि काडी. यांतले एक जरी नसले तरी चूल पेटत नाही. इंजिनाचेही तसेच आहे. त्याला पेट्रोल लागते, हवा लागते आणि ठिणगी लागते. कार्बोरेटर पेट्रोल आणि हवा यांचे मिश्रण करतो. ते मिश्रण इंजिनात दाबले जाते. मग प्लग ठिणगी टाकतो आणि ते पेटते. गाडी सुरू होत नसेल, तर यांतले काय कमी पडले ते क्रमाने शोधावे.

आधी साध्या गोष्टी पाहा

किल्ली फिरवली आहे का? गाडीला इंजिन बंद करण्याचे बटण असेल, तर ते चुकून दाबलेले नाही ना? टाकीत पेट्रोल आहे का? रात्री टाकीत पाहायचे असेल तर बॅटरीचा दिवा घ्यावा. काडी मुळीच ओढू नये. पेट्रोलाची वाफ दुरूनही पेट घेते. गाडी जाईल, घर जाईल, माणूसही जाईल.

पेट्रोलाचा कॉक पाहा. बंद असेल तर उघडा. पेट्रोल कमी असेल तर कॉक रिझर्व्हवर करा. म्हणजे टाकीच्या तळचे पेट्रोल खाली येते. इंजिन थंड असेल तर चोक ओढा. चोक ओढला म्हणजे हवा कमी जाते आणि पेट्रोल जास्त जाते. इंजिन गरम असेल तर चोक लागत नाही.

प्लग काय सांगतो?

एवढ्याने गाडी सुरू झाली नाही, तर प्लग काढून पाहा. इंजिन गरम असेल तर आधी निवू द्या. वैद्य जसा जीभ पाहतो, तसा आपण प्लग पाहायचा.

प्लग कोरडा असेल, तर पेट्रोल आत पोचत नाही.

प्लग ओला असेल, तर पेट्रोल पोचते. पण ते जास्त झाले आहे, नाहीतर ठिणगी पडत नाही. प्लग पुसून वाळवा. कॉक आणि चोक बंद करा. प्लग परत बसवा. रेसची मूठ पूर्ण पिळून पाच-सहा किका मारा. जास्तीचे पेट्रोल निघून जाईल.

प्लगावर काळी काजळी धरली असेल, तर हवा कमी पडते. एअर फिल्टर धुळीने भरला आहे का, ते पाहा.

ठिणगी कशी पाहावी?

सांडलेले पेट्रोल आधी पुसून घ्या. जिथून प्लग काढला, ते भोक फडक्याने झाका. प्लग त्याच्या टोपीत बसवा. त्याचा लोखंडी भाग इंजिनाला टेकवून ठेवा. पण भोकापासून लांब ठेवा. भोकातून पेट्रोलाची वाफ येते. प्लग उघड्या हाताने धरू नका, झटका बसतो. आता किल्ली फिरवून किक मारा. निळी, चटचटणारी ठिणगी दिसली तर ठीक. दिसली नाही, तर नवा प्लग लावून पाहा. प्लगाची टोपी सैल किंवा ओली आहे का, तेही पाहा. गाडी धुतल्यावर असे पुष्कळदा होते. तरीही ठिणगी नाही, तर तारा तपासण्याचे काम मिस्त्रीचे.

प्लग परत बसवताना आधी हाताने फिरवा. तो वाकडा बसला तर आटे जातात.

पेट्रोल पोचत नसेल तर

कार्बोरेटरच्या तळाशी एक वाटी असते. तिला खाली एक स्क्रू असतो. स्वच्छ काचेची बाटली खाली धरून तो सैल करा. पेट्रोल आलेच नाही, तर अडथळा वर आहे. तो कॉकमध्ये असेल, नळीत असेल किंवा टाकीच्या झाकणात असेल. झाकणाला हवा जाण्यासाठी बारीक वाट असते. ती बुजली की पेट्रोल खाली उतरत नाही.

आमच्या माहितीतल्या एका दूधवाल्याची गाडी रोज दोन-तीन मैलांवर बंद पडे. त्याने नवा कार्बोरेटर घातला. तरी तेच. एके दिवशी दूध वाटेतच नासले. शेवटी एका जाणत्याने टाकीचे झाकण उघडले. फुस्स आवाज झाला आणि गाडी सुरू झाली. झाकणाची वाट चिखलाने बुजली होती. काम फुंकरीचे होते, खर्च हजारांचा झाला.

बाटलीत पेट्रोल आले, तर ते थोडा वेळ ठेवून पाहा. तळाशी वेगळा थर दिसला तर पाणी आहे. 2025 सालापर्यंत आपल्या देशात पेट्रोलमध्ये 20 टक्के इथेनॉल मिसळू लागले. इथेनॉल हवेतला ओलावा शोषून घेते. म्हणून पावसाळाभर गाडी उभी ठेवायची असेल, तर वाटी रिकामी करून ठेवावी. नाहीतर जुने पेट्रोल चिकट होते आणि जेटचे बारीक भोक बुजते. ते हवेच्या दाबाने साफ करावे. स्टोव्हची पिन त्यात घालू नये. भोक मोठे झाले, तर गाडी पेट्रोल जास्त खाईल.

पेट्रोल आहे, ठिणगी आहे, हवा आहे, पण किक अगदी हलकी लागते? मग इंजिनात दाब राहत नाही. गाडी मिस्त्रीकडे न्या.

एका वेळी एकच

एका वेळी एकच गोष्ट बदला आणि लगेच किक मारून पाहा. काय पाहिले, काय बदलले, ते तारखेसह वहीत लिहा. तुम्हाला आता लिहिता येते, त्याचा उपयोग करा. मिस्त्रीला ती वही दाखवा. त्याचा वेळ वाचेल, तुमचा पैसा वाचेल.

सांगा पाहू

1. इंजिनाला कोणत्या तीन गोष्टी लागतात?
2. प्लग कोरडा असेल तर काय समजावे?
3. टाकीत पाहताना काडी का ओढू नये?
4. तुमच्या गाडीचा प्लग कधी बदलला? वहीत लिहा.